उजव्या फुफ्फुसाचा वरचा कोपरा

न्ताते फाकिसो, फिल्म उजेडाकडे धरते मी.
खिडकीबाहेर मालोती डोंगरांवर जुलैचा बर्फ,
फिल्ममध्येही तसंच काहीसं पांढरं.
उजव्या फुफ्फुसाचा वरचा कोपरा.
इथे तो डावीकडे दिसतो,
म्हणून तुम्ही दर वेळी
चुकीच्या बाजूला हात ठेवता.

एकोणीस वर्षं वेल्कॉमच्या खाणीत,
जमिनीखाली दोन किलोमीटर.
दगडाची पूड छातीत बसून घरी आली
आणि तिच्या सोबतीनं तो,
ज्याला कसलीच घाई नसते.
एकाचे दोन व्हायला
त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.
तेवढ्यात मेंढी विते, भांडण मिटतं,
चहा दोनदा थंड होतो.

शरीराला त्याला मारणं जमलं नाही.
मग त्याच्याभोवती रचली भिंत,
तुमच्या मेंढवाड्याच्या भिंतीसारखी:
चुना नाही, चिखल नाही,
नुसता एकाला एकाचा टेकू,
आणि बाहेर राखणदार, आळीपाळीनं.
अकरा वर्षं.
तुम्हाला पत्ताही नव्हता.
मका पेरलात, लेकीला माती दिलीत,
नात वाढवलीत.

मे महिन्यात त्लालाने शाळेतून ताप घेऊन आली.
चौथ्या दिवशी अंगणात दोरीच्या उड्या.
पाचव्या दिवशी तुम्ही आडवे.

हा दुसरा.
सबुरी याच्या गावी नाही.
सकाळी एका पेशीत शिरतो,
रात्रीपर्यंत हजार होऊन निघतो,
श्वासनळीचं अस्तर जाळत जातो
वाळल्या गवतासारखं.

शरीरानं केलं ते कुणीही केलं असतं.
आरोळी दिली.
इंटरफेरॉन म्हणतात त्या आरोळीला.
वणवा लागलाय, सगळे इकडे!
मेंढवाड्याचे राखणदारही काठ्या टाकून धावले.
काही वाटेत मेले.
काही जागच्या जागी असे बधिरले
की पोटात धरलेला शत्रू
पचवायचाच विसरले.

नर्सिंगच्या मुलींना मी इथवर असंच शिकवते.
मग थांबते.
कारण शरीर म्हणजे गाव नव्हे,
आणि जंतूला बाहेर पडल्याचा आनंद होत नाही.
एक दगड सरकतो, इतकंच.
आतलं चक्क्यासारखं मऊ काही
श्वासनळीत उतरतं
आणि बाहेर फक्त खोकला ऐकू येतो.

फ्लूचाच खोकला, असं मीच म्हणाले होते.
सात जून. तुमच्या बुकानात अक्षर माझंच आहे:
पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती.
ताप उतरला, खोकला राहिला.
म्हटलं, जाईल हळूहळू.
तीन आठवडे
एकाच्या सावलीत बसलेला दुसरा
मला दिसला नाही.

मग रामोने घोड्यावरून तुमची डबी घेऊन आला,
घोंगडीच्या आत, छातीशी धरून,
जणू अंडं.
यंत्राला दोन तासही लागले नाहीत.

गोळ्या सहा महिने.
लघवी केशरी होईल, घाबरू नका.
पीचची झाडं आता काटक्या दिसतात,
फळं पिकतील तेव्हा शेवटची गोळी.
हे सगळं तुम्ही मान हलवून ऐकलंत
आणि हळूच म्हणालात,
पोरीला सांगू नका
की तिच्या तापानं झालं हे.

नाही सांगणार.
पण न्ताते, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय.
तुम्ही दोघं एकाच खोलीत झोपता,
थंडीत खिडकी बंद.
तिनं तुम्हाला दिला तो चार दिवसांचा होता.
तुम्ही तिला दिला असेल तर तो
वाट बघणारा आहे.

उद्या तिला घेऊन या.
फिल्म लहान लागेल.
मी तिची हनुवटी वर करीन,
थंड पाटीला छाती टेकवायला लावीन,
आणि म्हणेन, त्लालाने,
मोठा श्वास घे,
आता धरून ठेव.